अण्णांची पापणी आत, नातवाची खाली: आधी कोणाचं करायचं?

प्रश्न: आम्ही ऐरोलीत राहतो. माझे सासरे, अण्णा, ७४ वर्षांचे आहेत. वर्षभरापासून त्यांच्या उजव्या डोळ्याची खालची पापणी आत वळते, केस टोचतात, सारखं पाणी गळतं. दर तीन आठवड्यांनी ते ओळखीच्या एकांकडून चिमट्याने केस काढून घेतात आणि डोळा लाल झाला की मेडिकलमधून थेंब आणतात. त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. माझ्या चार वर्षांच्या मुलाची डावी वरची पापणी जन्मापासून खाली आहे. टीव्ही बघताना तो हनुवटी वर करतो. सासूबाई म्हणतात, ‘आजोबांवर गेलाय, मोठा झाला की उघडेल.’ दोघांनाही ऑपरेशन सांगितलंय. आम्हा दोघांना मिळून एकाच्याच आजारपणापुरती रजा जमेल. आधी कोणाचं करावं? गणपतीनंतर केलं तर चालेल का?
एक सून, ऐरोली

उत्तर: ताई, आधी घरातला एक गैरसमज काढून टाकू. अण्णांचा डोळा आणि नातवाचा डोळा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. अण्णांची पापणी वयाने सैल पडून फिरली आहे. मुलाची पापणी उचलणारा स्नायू जन्मतःच नीट तयार झालेला नाही. ‘आजोबांवर गेलाय’ म्हणून थांबलात तर नुकसान मुलाचं होईल, कारण त्याच्या बाबतीत प्रश्न पापणीपुरता नाही, नजरेचा आहे.

ऑपरेशनचा क्रम ठरायला वेळ लागेल, पण तपासणीचा क्रम आजच ठरवता येतो. मुलाची नजर या आठवड्यात तपासून घ्या. अण्णांच्या पापणीला आजपासून चिकटपट्टी लावा. मात्र अण्णांना उजेड सहन होत नसेल, डोळा ठणकत असेल, नजर धूसर झाली असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर मुलाच्या आधी अण्णांना न्या आणि त्याच दिवशी न्या. केसांनी खरडून बुबुळावर जखम होते, ती चिघळली तर पांढरा डाग राहतो आणि मग पापणी सरळ केली तरी गेलेली नजर परत मिळत नाही.

आता अण्णांबद्दल. खालची पापणी लेंग्याच्या नाडीसारखी दोन्ही कोपऱ्यांना बांधलेली असते. वयाने ती आडवी सैल पडते. तिला खालून ताणून धरणारा पातळ पडदा सुटतो किंवा ढिला होतो. आणि डोळा मिटणारा गोल स्नायू वर सरकून पापणीच्या काठावर चढतो. या तीन गोष्टी एकत्र आल्या की काठ आत लोळतो. केस मुळात निरोगी आणि सरळच असतात, उलटतो तो काठ. म्हणून केस उपटण्याने मूळ दुखणं तसंच राहतं. उपटलेला केस काही आठवड्यांत पुन्हा उगवतो आणि सुरुवातीला तो आखूड, ताठ खुंट असतो. लांब मऊ केसापेक्षा हा खुंट बुबुळाला जास्त खरडतो. तीन आठवड्यांनी पुन्हा टोचायला लागतं ते यामुळेच. केसांची मुळं जाळून टाकण्याचे उपाय असतात, पण ते ज्यांचे केसच वाकडे उगवतात त्यांच्यासाठी. अण्णांना त्यांचा उपयोग नाही.

मेडिकलमधून आणलेले थेंब आजच बंद करा आणि ती बाटली तपासणीला सोबत न्या. लाल डोळ्यासाठी काउंटरवरून मिळणाऱ्या थेंबांमध्ये बऱ्याचदा अँटिबायोटिकबरोबर स्टिरॉइड असतं. त्याने लाली उतरते, त्यामुळे माणसाला बरं वाटतं. पण बुबुळ खरडलेलं असताना स्टिरॉइड पडलं तर जंतू किंवा बुरशी आत शिरायला वाट मिळते. याबाबत आम्ही कुठलीही सवलत द्यायला तयार नाही. अण्णांना चालतील ते साधे वंगणाचे थेंब: कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्के, शक्यतो प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, दिवसातून ४ ते ६ वेळा, आणि झोपताना वंगणाचं मलम. यांनी पापणी जागेवर येत नाही, फक्त घासणं कमी होतं.

चिकटपट्टी कशी लावायची ते नीट सांगतो, कारण चुकीची लावली तर काहीच होत नाही आणि लोक कंटाळून सोडून देतात. अर्धा इंच रुंदीची कागदी मायक्रोपोअर टेप घ्या. ४ ते ५ सेंटीमीटरचा तुकडा कापा. गाल धुऊन पूर्ण कोरडा करा. आपल्याकडच्या दमट हवेत घामावर टेप टिकत नाही, म्हणून पंख्याखाली बसवून लावलेली बरी. तेल, क्रीम काही नको. अण्णांना वर बघायला सांगा. टेपचं एक टोक खालच्या पापणीच्या केसांपासून २ ते ३ मिलिमीटर खाली, बाहेरच्या कोपऱ्याकडच्या तिसऱ्या भागात चिकटवा. आता तो तुकडा खाली आणि थोडा कानाच्या दिशेने ओढून गालाच्या हाडावर दाबा. मग समोरून बघा: केसांची रांग मोकळी, बाहेर वळलेली दिसली पाहिजे आणि पापणीचा काठ डोळ्याला टेकलेला हवा. काठ डोळ्यापासून सुटून फट दिसत असेल तर ताण जास्त झाला, पुन्हा लावा. शेवटी डोळा पूर्ण मिटतोय ना ते पाहा. टेप रोज बदला, काढताना कोमट पाण्याने भिजवून काढा. त्वचा लाल झाली तर जागा थोडी सरकवा.

अण्णा पाणी पुसतात ते कसं, तेही बघा. बहुतेक लोक रुमाल खाली ओढून पुसतात. आधीच सैल असलेली पापणी त्याने आणखी सैल होते. रुमाल टेकवून, वरच्या दिशेने आणि नाकाकडे टिपायचं. याउलट काही ज्येष्ठांची पापणी बाहेर उलटते, आतला लाल भाग दिसतो आणि अश्रू वाहून नेणारं नाकाजवळचं छिद्र डोळ्यापासून सुटतं. तिथे असं ओढून पुसण्याने दुखणं अधिकच वाढतं. अण्णांचं तसं नाही, पण डोळा पुसण्याची सवय सगळ्यांनीच बदलावी.

तपासणीत डॉक्टरांनी काही गोष्टी करायलाच हव्यात. त्या झाल्या की नाही ते तुम्हाला बसल्या जागी कळेल. पापणी चिमटीत धरून डोळ्यापासून पुढे ओढतात. ६ ते ८ मिलिमीटरपेक्षा जास्त सुटली तर ती सैल आहे. खाली ओढून सोडतात आणि डोळा न मिचकावता ती चटकन परत बसते का ते पाहतात. डोळे घट्ट मिटून उघडायला लावतात, त्यात लपलेलं वळण उघडं पडतं. डोळ्यात पिवळं-नारिंगी औषध घालून निळ्या उजेडात बुबुळ बघतात, खरडलेली जागा हिरवी चमकते. आणि दोन्ही पापण्या उलटवून आतली बाजू पाहतात. ही शेवटची गोष्ट घाईत राहून जाते आणि नेमकी तीच महत्त्वाची. आत खुपऱ्यांचे (ट्रॅकोमाचे) जुने व्रण, चुना किंवा ॲसिड उडाल्याचे व्रण, किंवा एखाद्या औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेनंतरचे चट्टे असतील तर पापणी सैल झाली म्हणून नाही, आतून आखडली म्हणून वळलेली असते, आणि ऑपरेशन पूर्ण वेगळं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये भारतातून खुपऱ्या सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपल्याचं मान्य केलं, पण अण्णांच्या पिढीत लहानपणचे व्रण असू शकतात. तिथे बहुधा वरची पापणी वळते, म्हणून तीही बघायची.

पापणी सैल असल्याचंच निघालं तर मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला, पापणीच्या आतून घेऊन केसांच्या खाली बाहेर काढलेले दोन-तीन टाके. १०-१५ मिनिटांचं काम. अंथरुणाला खिळलेल्या किंवा ऑपरेशन सोसणार नाही अशा माणसासाठी चांगलं, पण वर्ष-दोन वर्षांत पापणी पुन्हा वळण्याचं प्रमाण बरंच असतं. दुसरा मार्ग, बाहेरच्या कोपऱ्यात पापणी थोडी आखूड करून हाडावरच्या आवरणाला पक्की शिवायची आणि सोबत तो सुटलेला पडदा परत जोडायचा. एका डोळ्याला साधारण ३० ते ४५ मिनिटं, जागा बधिर करून, त्याच दिवशी घरी. अण्णा हिंडते-फिरते असतील तर आमचा कौल दुसऱ्याला. फक्त कोपरा आवळला आणि पडदा जोडला नाही तर वळण परत येतं. पडदा गरजेपेक्षा जास्त ताणला तर पापणी बाहेर उलटते. म्हणून सर्जनला सरळ विचारा, ‘आडवा ताण आणि खालचा पडदा, दोन्ही करणार आहात का?’ हे काम ऑक्युलोप्लास्टी, म्हणजे पापण्यांच्या शस्त्रक्रिया, शिकलेल्या नेत्रतज्ज्ञाचं आहे.

रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा निर्णय तुम्ही, अण्णा किंवा ओळखीचं कोणीही घ्यायचा नाही. अँजिओप्लास्टीत स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवलेल्या माणसाने क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन मनाने थांबवलं तर स्टेंट बंद पडू शकतो आणि ते पापणीतल्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी भयंकर. डोळ्याच्या डॉक्टरांकडून हृदयाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी घ्या आणि उत्तर लेखी आणा. अनेकदा ॲस्पिरिन चालू ठेवूनच हे ऑपरेशन करतात. रक्तदाबाची गोळी ऑपरेशनच्या सकाळी चुकवायची नाही, कारण रक्तदाब वाढला की पापणी जास्त रक्ताळते.

घरी आल्यावर पहिले ४८ तास बर्फ: स्वच्छ फडक्यात गुंडाळून १० मिनिटं, दर दोन तासांनी, न दाबता. उशाला दोन उश्या. वाकून काही उचलायचं नाही. टाके साधारण आठवड्याने निघतात. निळसर सूज १०-१४ दिवस राहते, बाहेरचा कोपरा महिनाभर बोट लागलं की दुखतो, हे ठीकच. ठीक नाही ते असं: पहिल्या दिवशी किंवा रात्री अचानक वाढत जाणारा ठणका, डोळा पुढे येणं, पापणी दगडासारखी घट्ट होणं आणि नजर कमी होणं. डोळ्यामागे रक्त साचल्याची ती खूण आहे. सकाळची वाट न बघता त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. नजर वाचवायला फार थोडा वेळ हातात असतो.

आता मुलगा. त्याची पापणी उचलणाऱ्या स्नायूत मांसाऐवजी ताठर तंतू आणि चरबी जास्त असते. असा स्नायू नीट आखडत नाही आणि नीट सैलही पडत नाही. हे घरात दिसतं. जमिनीवर गाडी ठेवा आणि त्याला खाली बघू द्या. समोर बघताना खाली असलेली डावी पापणी, खाली बघताना उजवीपेक्षा किंचित वर राहिलेली दिसली, तर ती जन्मजात स्नायूदोषाची ठळक खूण. हा स्नायू वयाने तयार होत नाही. व्यायाम, तेल, बदाम, काजळ, कशानेही नाही. ‘मोठा झाला की उघडेल’ हे सासूबाई मायेनेच म्हणतात, पण ते खरं नाही.

तो हनुवटी वर करतो, ही त्यातली चांगली बातमी. तो त्या डोळ्याने बघायचा प्रयत्न करतोय. काळजी तेव्हा करायची, जेव्हा पापणी तशीच आहे पण हनुवटी वर करणं थांबलं. याचा अर्थ मेंदूने त्या डोळ्याचा नाद सोडला, यालाच आळशी डोळा म्हणतात. पापणीने बाहुली झाकली तर तो होण्याचा धोका मोठा. पण अर्धवट खाली असलेल्या पापणीमुळे तिरका (सिलिंडरचा) नंबर येऊ शकतो, आणि त्यामुळेही होतो. म्हणून पापणी बाहुलीच्या वर आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. घरी एक करून बघा: खेळताखेळता तळहाताने त्याचा एकेक डोळा झाका. उजवा झाकल्यावर तो हात ढकलत असेल, चिडत असेल आणि डावा झाकल्यावर शांत असेल, तर तपासणीला एक दिवसही लावू नका.

डॉक्टरांकडे त्याचा नंबर बाहुली मोठी करणारी औषधं घालूनच काढायला हवा. या वयात त्याशिवाय नंबर भरवशाचा नसतो. नंबर निघाला तर चष्मा पूर्ण वेळ. डोळा आळशी निघाला तर चांगल्या, म्हणजे उजव्या डोळ्यावर पट्टी. दोष मध्यम असेल तर बहुधा दिवसाला २ तास, जास्त असेल तर अधिक. आळशी डोळा सात-आठ वर्षांच्या आत उत्तम सुधारतो, पुढे प्रतिसाद कमी होत जातो. तुमच्याकडे वेळ आहे, पण वाया घालवण्याइतका नाही. आणि लक्षात ठेवा, पापणी उचलल्याने आळशी डोळा आपोआप बरा होत नाही. चष्मा आणि पट्टी ऑपरेशननंतरही लागू शकते.

ऑपरेशन कुठलं, हे एका मापावर ठरतं. डॉक्टर अंगठ्याने भुवई दाबून धरतात, म्हणजे कपाळाची मदत मिळत नाही. मुलाला खाली बघायला लावून पापणीच्या काठावर पट्टीचा शून्य ठेवतात आणि वर बघताना काठ किती मिलिमीटर सरकला ते वाचतात. निरोगी पापणी साधारण १५ सरकते. ४ पेक्षा जास्त असेल तर त्याच स्नायूचा तुकडा कापून तो आखूड करता येतो. ४ किंवा कमी असेल तर आखूड करायला दमच नसतो. तिथे पापणी कपाळाच्या स्नायूला टांगतात. टांगायला मांडीच्या बाहेरच्या बाजूचा स्वतःचा पडदा वापरतात, जो साधारण तीन-चार वर्षांनंतर पुरेसा लांब मिळतो आणि वर्षानुवर्षं टिकतो, किंवा सिलिकॉनची दोरी, जी पुढे घट्ट-सैल करता येते पण निसटू किंवा ढिली होऊ शकते, क्वचित तिथे जंतुसंसर्ग होतो. हे माप तुमच्या कागदावर लिहिलेलं नसेल, तर ऑपरेशनची तारीख घेऊ नका. एवढं एक आमचं ऐका.

आणखी तीन गोष्टी तपासून घ्या. डोळा मिटताना बुबुळ वर सरकतं का: सरकत नसेल तर पापणी जरा कमी उचलतात, नाहीतर झोपेत बुबुळ उघडं पडून सुकतं. तो चावताना किंवा बाटलीने दूध पिताना पापणी उडते का: उडत असेल तर मोबाइलवर शूटिंग करून न्या, नियोजन बदलतं. तिरळेपणा आहे का: असल्यास बहुधा आधी तो, मग पापणी.

टांगून उचललेली पापणी झोपेत पूर्ण मिटत नाही. २-३ मिलिमीटर फट राहते आणि खाली बघताना पापणी वरच थांबते. हे ऑपरेशन बिघडल्याचं लक्षण नाही, त्याचा स्वभावच तो. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच रात्री घरात रडारड होईल. दिवसा थेंब, रात्री मलम, काही महिने तरी. दोन्ही डोळे समोर बघताना सारखे दिसतील, पण हसताना, खाली बघताना फरक राहील.

पापणीच्या सगळ्याच तक्रारी अशा निवांत नसतात, म्हणून इतर वाचकांसाठी थोडं. पापणी अचानक पडली आणि सोबत डोकं फार दुखतंय, दोन-दोन दिसतंय किंवा एक बाहुली मोठी झाली, तर मेंदूतली रक्तवाहिनी फुगलेली असू शकते. पापणी किंचित खाली, त्याच बाजूची बाहुली लहान आणि मान दुखते, तर मानेतली रक्तवाहिनी आतून फाटलेली असू शकते. या दोन्हींत तातडीचा विभाग. सकाळी ठीक आणि संध्याकाळी पडणारी पापणी मायस्थेनियाची, म्हणजे स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराची, असू शकते. ती न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. आणि येऊर किंवा पारसिकच्या डोंगराखाली राहणाऱ्यांनी पावसाळ्यात हे विसरू नये: मण्यार झोपेत चावते, चावल्याचं अनेकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतंय, दोन्ही पापण्या जड झाल्यात, गिळता येत नाही, असं असेल तर जखम शोधत बसू नका. १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात पोहोचा, पुढे श्वास थांबतो.

कुठे जायचं? तुम्हाला कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नेरुळचं डी. वाय. पाटील ही वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेली रुग्णालयं जवळ आहेत, भायखळ्याचं जे.जे. थोडं लांब. नेत्रविभागात पापण्यांचं काम बघणारे डॉक्टर कुठल्या दिवशी असतात ते आधी विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. खासगी विमा असेल तर डॉक्टरांच्या कागदावर बुबुळाची इजा, मुलाची नजर आणि मापं लिहून घ्या, सोबत फोटो लावा, नाहीतर ‘सौंदर्यासाठी’ असा शेरा मारून दावा फेटाळतात. तपासणीला मुलाचे बाळपणापासूनचे फोटो आणि अण्णांचं जुनं आधार कार्डही न्या. पापणी कधी आणि किती हलली, ते त्यात दिसतं.

रजेचं गणित तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाही. अण्णांसाठी एका माणसाची एक-दोन दिवसांची रजा पुरते, पुढचं थेंब-मलम सासूबाई बघू शकतील. मोठी रजा मुलासाठी राखून ठेवा. त्याला पूर्ण भूल लागेल: ऑपरेशनआधी ६ तास खाणं-दूध बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. सर्दी-खोकला असेल तर भूलतज्ज्ञ तारीख साधारण २ ते ४ आठवडे पुढे ढकलतात, आणि पावसाळ्यात बालवाडीतलं मूल कधी शिंकेल याचा नेम नसतो. म्हणून रजा मंजूर करून घेताना तारीख बदलायची सोय ठेवा.

गणपतीनंतर चालेल का? मुलाची बाहुली पापणीखाली झाकली जात नसेल, नंबर निघून चष्मा-पट्टी सुरू झाली असेल, तर त्याचं ऑपरेशन गणपतीनंतर, अगदी दिवाळीच्या सुट्टीतही चालेल. बाहुली झाकली जात असेल तर थांबू नका. अण्णांचं बुबुळ खरडलेलं निघालं तर त्यांचंही गणपतीपर्यंत लांबवू नका. टाके निघून दोन आठवडे होतील अशा बेताने आधीच उरकून घ्या. विसर्जनाच्या दिवशी अण्णांना मिरवणुकीत जायचंच असेल तर बंदिस्त गॉगल लावून, गुलालापासून लांब.